लहान डोंगर, अवघड उतार: लातूरच्या ताईंच्या स्कीइंगच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माहेर लातूरचं, नोकरी पुण्यात. औलीला दोन आणि गुलमर्गला तीन हिवाळे झाले. मशीन फिरवून सारखा केलेला उतार कितीही तीव्र असला तरी न पडता उतरता, आणि प्रशिक्षकानं "आता तुम्ही एक्स्पर्ट" असं सांगितलंय. वर्षाला सुट्टी दहा-बारा दिवसांची. भाऊ शिकागोला असतो. मोठ्या रिसॉर्टची गर्दी नको, छोटी, शांत आणि खरोखर अवघड जागा हवी. कुठं जाऊ, आणि स्की विकत घेऊ का, असं विचारलंय.

मी मराठवाड्यातल्या कन्नडचा. फौजेत असताना गुलमर्गला पहिल्यांदा स्की बांधली आणि पहिले आठ दिवस फक्त पडलो. निवृत्तीनंतर बरेच हिवाळे तिथंच लोकांना उतारावर नेण्यात गेले. न्यूझीलंडला दोन सीझन केले, अमेरिकेत एक महिना फिरलो, फ्रान्समधल्या ला ग्राव्हला एकदा जाऊन आलो. त्यामुळे जागा सांगतो, पण आधी एक गोष्ट नीट बोलू.

तुम्ही "छोटी पण अवघड" म्हणता तेव्हा तुमच्या डोक्यात मोठ्या रिसॉर्टचा सगळ्यात तीव्र उतार आहे, फक्त गर्दी वजा करून. तसं नसतं. आपला देवगिरी बघा. डोंगर म्हणाल तर जेमतेम दोनशे मीटर. पण खालचा कडा चहूकडून तासून उभा केला, खंदक खोदला, आत जायला एकच वाट ठेवली आणि तीही अंधारी. देवगिरी अवघड झाला तो माणसाच्या सोयीची प्रत्येक गोष्ट काढून घेतल्यामुळं, उंचीमुळं नाही. छोट्या स्की डोंगरांचंही असंच. तिथं उतार सारखा करणारं मशीन नाही, कृत्रिम बर्फ नाही, दर शंभर मीटरला पाटी नाही. पाय थकले तर बाजूनं निघायला सोपी वाट नाही, आणि कित्येक ठिकाणी पडलात तर लगेच उचलायला कोणी नाही. अवघड ते हे.

याचं कारण पैसा. ग्रूमिंगचं, म्हणजे उतार सारखा करायचं मशीन महाग, त्याचं डिझेल महाग. तीव्र उतारावर ते मशीन वरून वायरनं बांधून चालवावं लागतं. कृत्रिम बर्फाला पाणी आणि वीज. एक लिफ्ट आणि मोजके ग्राहक असलेल्या डोंगराला हे परवडत नाही, म्हणून तो बर्फ पडला तसा ठेवतो. मग ज्यांना तसाच बर्फ आवडतो ते लोक तिथं जमतात. बऱ्याच जागा तर क्लब किंवा सभासदांची संस्था चालवते.

आता "एक्स्पर्ट" या शब्दाबद्दल. तुमच्या प्रशिक्षकाला मी खोटं ठरवत नाही. पण उताराचे रंग त्या-त्या डोंगरापुरते असतात. सोप्याकडून अवघडाकडं अमेरिकेत हिरवा, निळा, काळा, दुहेरी काळा. युरोपात मध्ये एक लाल येतो. एका डोंगरावरचा काळा दुसऱ्यावर निळा निघू शकतो. म्हणून मी अंशात बोलतो. घरातला साधा जिना तीस ते पस्तीस अंशांचा असतो. जुन्या वाड्यात माडीवर जाणारा लाकडी जिना आठवा, आजी ज्यावरून पाठमोरी उतरायची. तो पंचेचाळीसच्या आसपास. अवघड उतार म्हणजे या दोन जिन्यांच्या मधलं अंतर, वर बर्फ, आणि कठडा नाही.

तुम्हाला हे जमतं का ते मी इथून सांगू शकत नाही. स्वतः तपासा. पस्तीस अंशांच्या उतारावर समोरचं एखादं झाड धरून "इथंच थांबायचं" असं ठरवा आणि दोन वळणांत थांबून दाखवा. डावं वळण उजव्याइतकंच भरवशाचं आहे का? बहुतेकांची एक बाजू कच्ची असते आणि सपाट केलेल्या उतारावर ती लपते. स्कीच्या लांबीच्या दीडपट रुंद जागेत उडी मारून वळता येतं का? वरून कडक आणि आत भुसभुशीत अशा बर्फावर, म्हणजे पापडी फुटून पाय आत जातो त्या बर्फावर, दहा वळणं सलग होतात का? शेवटची कसोटी मी सगळ्यांना लावतो: दुपारी तीन वाजता, मांड्या पेटलेल्या असताना, स्की उताराला आडव्या धरून, त्यांच्या कडांवर शंभर मीटर घसरत खाली येता येतं का? दिसायला ओबडधोबड वाटेल, पण फसलेल्या जागेतून माणूस याच एका कौशल्यावर घरी येतो. नाळेत उतरताना मी अर्धा वेळ तेच करतो. (फ्रेंच लोक ज्याला कूलवार म्हणतात ती आपल्या ट्रेकर्सची नाळच. दोन्हीकडं कातळ, मधे अरुंद घळ.)

यातलं निम्मं जमत नसेल तरी वाईट वाटून घेऊ नका. पाच हिवाळे म्हणजे बर्फावरचे तीसेक दिवस. स्वित्झर्लंडमधलं गावातलं पोर तेवढे दिवस एका हिवाळ्यात करतं.

आता जो भाग लोक वगळतात तो. बर्फाचा थर सुटून खाली येतो तो मुख्यतः तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर. तीसच्या खाली सहसा सुटत नाही. पन्नासच्या वर बर्फ साचतच नाही, पडता पडता झडत राहतो. म्हणजे ज्याला आपण मजेचा उतार म्हणतो तोच नेमका हिमस्खलनाचा उतार. मोठं रिसॉर्ट पहाटे स्फोट करून सैल थर आधीच पाडतं, तुम्हाला ते कळतही नाही. छोट्या जागी ते कमी होतं आणि काही जागी होतच नाही. गुलमर्गच्या अफरवत डोंगरावर फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन गेला. तिन्ही मृत्यू हिमस्खलनातले.

म्हणून ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस शोधायचं, अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र), फावडं आणि बर्फात खुपसून माणूस चाचपायची सळई या तीन वस्तू, आणि त्या वापरायचा सराव असलेला जोडीदार. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल पाठवतो, म्हणून कोणत्याही कंपनीचा कोणत्याहीला शोधतो. पण गाडलेल्या माणसाच्या हातात पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात. बाहेरून मदत येईपर्यंत ती संपतात. तुम्हाला काढणार तो तुमच्यासोबतचाच माणूस. तोच जर ट्रान्सीव्हर पहिल्यांदा हातात धरत असेल तर काय उपयोग? एका दुकानातून भाड्यानं घेतलेला माझा ट्रान्सीव्हर डोंगराच्या टोकावर बंद पडला होता. आत अर्धमेल्या बॅटऱ्या. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण चूक माझीही होती, खाली तपासला नाही. आता नव्या अल्कलाइन बॅटऱ्या घरूनच नेतो. मोबाइल छातीच्या खिशात ट्रान्सीव्हरला चिकटून ठेवू नका, सिग्नल बिघडतो. लोकांना ही गोष्ट सांगितली की आधी हसतात.

एवढं झाल्यावर जागा.

पहिली जागा तुम्ही तीनदा जाऊन आलेली आहे: गुलमर्ग. हसू नका. तुम्ही बहुधा पहिल्या टप्प्यावर आणि खालच्या बाउलमध्येच, म्हणजे वाटीसारख्या खोलगट उतारावरच फिरला असाल. गंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, दोन टप्प्यांत साधारण ३,९८० मीटरपर्यंत जातो, आणि खालचं गाव २,६५० वर. वरच्या टप्प्यावर मशीननं सारखा केलेला उतार नाही, सगळा उघडा डोंगर. खाली देवदार-फरच्या झाडीतून बाबा रेशी, द्रंग किंवा टंगमर्गकडं उतरणाऱ्या वाटा आहेत, तिथून गाडीनं परत वर. लिफ्टच्या हिशेबानं गुलमर्ग छोटंच, उताराच्या हिशेबानं जगातल्या कोणत्याही मोठ्या नावाशेजारी बसतं. गर्दी आहे ती पहिल्या टप्प्याच्या तिकीटखिडकीवर, फोटो काढणाऱ्यांची. वर दुसरा टप्पा उघडला की माणसं झटक्यात पांगतात. पण तो उघडेल की नाही हे वाऱ्यावर आणि बर्फावर, आणि बर्फाचाही भरवसा नाही. जानेवारी २०२४ मध्ये तर गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. म्हणून चार दिवसांची सहल नको, किमान आठ दिवस ठेवा, जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. सोबत स्थानिक गाइड घ्या. झाडीत काय करायचं ते त्याच्यामागून जाताना शिकाल. झाडाकडं नाही, दोन झाडांमधल्या फटीकडं बघायचं. नजर जिथं जाते तिथं स्की जाते, आणि झाडाकडं बघणारा झाडालाच धडकतो.

औलीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी एक ओळ. तिथला तयार उतार शिकायला उत्तम, पण तुमच्यासाठी तो झाला. वर गोरसों बुग्यालकडं स्कीच्या तळाला कातडी (मागं घसरू न देणारी केसाळ पट्टी) लावून चढून जायचं असेल तर वेगळी गोष्ट. रोपवेवर भिस्त ठेवू नका, जोशीमठची जमीन खचल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तो बंद झाला होता.

दुसरी जागा माझी लाडकी: न्यूझीलंडचे क्लब फील्ड. क्राइस्टचर्चहून आर्थर्स पासच्या रस्त्यानं गेलं की क्रेगीबर्न व्हॅली, ब्रोकन रिव्हर, टेंपल बेसिन अशी नावं लागतात. ही क्लबांच्या मालकीची मैदानं, पण बाहेरच्यांनाही तिकीट मिळतं. क्रेगीबर्नला वर न्यायला खुर्च्या नाहीत. दोर आहे. पूर्वी विहिरीवर मोटेचा नाडा असायचा तसा जाडजूड दोर कप्प्यांवरून सतत फिरत असतो. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन फाळांची लोखंडी पकड. तिचं नाव "नटक्रॅकर". मी पाहिलं आणि म्हणालो, हा तर अडकित्ता. सुपारी कातरायचा अडकित्ता असतो तसाच, बिजागरीवर मिटणारा. आधी हातानं दोर पकडायचा, पायाखालून स्की सरकू द्यायच्या, दोराचा वेग अंगात आला की अडकित्ता दोरावर टाकून मिटायचा. दर थोड्या अंतरावर कप्पी येते, तिच्यावरून अडकित्ता खडखड करत जातो, तेवढ्यात बोटं आत राहिली तर संपलं. हातमोज्यावर चामड्याचं आवरण घालावंच लागतं. पहिल्या दिवशी मी चार वेळा दोरावरून पडलो आणि माझ्यामागं येणारी नऊ-दहा वर्षांची पोरगी मला वळसा घालून वर गेली.

तुम्हाला ही जागा का सांगतोय ते ऐका. एक म्हणजे सीझन जुलै ते सप्टेंबर. आपला हिवाळा गुलमर्गला घालवून त्याच वर्षी पुन्हा बर्फावर जाता येतं, आणि सरावातलं अंतर निम्म्यावर येतं. इकडं सोयाबीन पेरून झालेलं असतं आणि तुम्ही तिकडं बर्फात. दुसरं, लॉजवर राहणाऱ्यांना कामं वाटून दिली जातात. कोणी भांडी घासतं, कोणी भाजी चिरतं. रात्री त्याच टेबलावर गेली तीस वर्षं तो डोंगर ओळखणारा माणूस बसलेला असतो. "काल उत्तरेचा वारा होता, उद्या अमुक बेसिनला जाऊ नका" हे तो जेवता जेवता सांगतो. मोठ्या रिसॉर्टवर ही माहिती पैसे मोजूनही मिळत नाही. टेंपल बेसिनला रस्त्यावरून तासभर पायी चढावं लागतं, सामान मात्र मालवाहू दोरावरून वर जातं. आणि गाडी उभी केली तर किआ पोपटांपासून जपा. हिरवे, गलेलठ्ठ, दिसायला गोड, पण गाडीचं रबर सोलून काढतात. आपल्याकडची माकडं बरी.

आता भाऊ शिकागोला आहे म्हणून अमेरिका. मिशिगनच्या उत्तर टोकाला, लेक सुपीरियरमध्ये घुसलेल्या कीविनॉ द्वीपकल्पावर माउंट बोहेमिया नावाचा डोंगर आहे. शिकागोहून गाडीनं एक पूर्ण दिवस. उंचीचा फरक फक्त ९०० फूट, म्हणजे देवगिरीपेक्षा थोडाच जास्त. सुरू झाला २००० मध्ये. सुरुवातीलाच पाटी आहे: नवशिक्यांना प्रवेश नाही. ग्रूमिंग नाही. थंड वारा न गोठलेल्या तळ्यावरून येतो, वाफ उचलतो आणि या जमिनीच्या जिभेवर बर्फ झाडून टाकतो. म्हणून एवढ्या लहान डोंगरावरही हलका, खोल बर्फ असतो. झाडी, कातळाच्या पायऱ्या, आणि खाली रस्त्यावर उतरलात की बस परत नेते. तुमच्या पातळीला "एक्स्पर्ट" हा शब्द सोलून निघायला ही जागा योग्य, कारण धडा मिळतो पण जीव सहसा जात नाही.

पूर्वेला व्हर्माँटमध्ये मॅड रिव्हर ग्लेन. वर न्यायला एकेका माणसाच्या खुर्च्यांची लिफ्ट, १९४८ पासूनची, २००७ मध्ये तशीच नव्यानं बांधली. १९९५ पासून डोंगर स्कीअरांच्याच सहकारी संस्थेचा. आपल्या साखर कारखान्यासारखे भागधारक, फक्त इथं निवडणुकीत कमी भांडणं होत असावीत. स्नोबोर्डला बंदी. वाटा अरुंद, उतारावरची बर्फाची टेकाडं टणक, आणि घोषवाक्याचा अर्थ "जमत असेल तर उतरा" असा. मला तिथला बर्फ कडक वाटला, पण टेकाडांवर पाय लवचिक करायला असं ठिकाण नाही.

कोलोरॅडोतलं सिल्व्हरटन हे पुढचं पाऊल. २००२ पासून चालू, एकच दोन माणसांची लिफ्ट, साधारण १२,३०० फुटांपर्यंत. एकही ग्रूम केलेला उतार नाही. बराच काळ गाइडसोबतच जाता येतं, लिफ्टवरून उतरून पुढं धारेवर पायी चढायचं, आणि ट्रान्सीव्हर, फावडं, सळईशिवाय तिकीटच नाही. उंचीमुळं पहिले दोन दिवस डोकं दुखेल, थेट पुण्याहून जाऊन तिसऱ्या दिवशी नाळ उतरायचा हट्ट करू नका.

ला ग्राव्ह शेवटी ठेवलंय. १,४५० मीटरवरच्या गावातून एकच रोपवे ३,२०० मीटरपर्यंत, वर ग्लेशियर, त्याच्या भेगा, आणि खाली साडेसतराशे मीटर उतरण. खुणा केलेल्या वाटा जवळपास नाहीत. कमरेला हार्नेस आणि सोबत दोर लागतो, कारण भेगेत पडलेल्याला वर काढावं लागतं. डग कूम्ब्स, जागतिक विजेता राहिलेला माणूस, तिथंच राहून गाइडचं काम करायचा. एप्रिल २००६ मध्ये घसरलेल्या मित्राला मदत करायला गेला आणि कड्यावरून पडून गेला. मी तिथं सहा दिवस होतो, रोज गाइडसोबत, तरी एका दिवशी त्यानं मला नाळेच्या तोंडावरून मागं फिरवलं. कारण विचारलं तर म्हणाला, तुझं डावं वळण. राग आला होता, दोन दिवस बोललो नाही.

माझा क्रम विचाराल तर: या हिवाळ्यात गुलमर्ग, गाइडसोबत, त्यातले दोन-तीन दिवस फक्त हिमस्खलनाच्या प्राथमिक कोर्सला द्या. ऑगस्टमध्ये क्रेगीबर्न. त्यापुढच्या हिवाळ्यात भावाकडं जाऊन बोहेमिया. सिल्व्हरटन आणि ला ग्राव्ह तोवर वाट बघतील. यात अवलंबून असलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत: त्या वर्षीचा बर्फ, व्हिसा, गुडघे, सोबत कोण आहे. एकट्याच जाणार असाल तर बोहेमिया आधी घ्या, क्रेगीबर्नला जोडीदार मिळाल्यावर जा. प्रवास विम्याची पॉलिसी नीट वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये खुणा केलेल्या उताराबाहेरचं स्कीइंग वगळलेलं असतं, ते बारीक अक्षरात असतं आणि आपण ते रुग्णालयातच वाचतो.

पुण्यात बसून तयारी काय? चढायची नाही, उतरायची. स्कीइंगमध्ये मांडी ताणली जात असताना भार घेते. मी गौताळ्याच्या रानात पाठीवर पंधरा किलो घेऊन उतरतो, आठवड्यातून दोनदा. तुम्ही सिंहगड गाडीनं चढा आणि चालत उतरा, लोक वेड्यात काढतील.

आता खरेदी. स्की नका घेऊ, बूट घ्या. भाड्याचा बूट दहा जणांच्या पायांनी सैल झालेला असतो, आणि पाय आत हलला की अवघड उतारावर स्की तुमचं ऐकत नाही. बूट मोजून देणाऱ्याकडं घ्या, बोटं पुढं जेमतेम टेकतील असा. पहिल्या दिवशी शिव्या द्याल. स्की प्रत्येक जागी तिथल्या बर्फाप्रमाणे भाड्यानं घ्या. गुलमर्गच्या खोल बर्फाला पायाखाली १०० मिलिमीटरच्या वर रुंदीची, मॅड रिव्हरच्या कडक टेकाडांना त्याहून बरीच अरुंद. घेतल्याच, तर उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात आतला डिंक सैल होतो. मेणाचा जाड थर देऊन फरशीवर, पलंगाखाली आडव्या ठेवा. मेण पातळ करायला घरची इस्त्री वापरू नका, आईच्या नऊवारीवर डाग पडल्यापासून माझी इस्त्री वेगळी आहे. आणि सचखंड एक्स्प्रेसनं नेणार असाल तर १८० सेंटिमीटरची पिशवी सीटखाली तिरकी बसते, पण दिल्लीपर्यंत प्रत्येक डब्यातला माणूस विचारतो, आत बंदूक आहे का.